आईच्या जागची सुपारी

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मनात म्हणते, "ॲसिडिटी झाली असेल." भूत, बाधा, कुणीतरी मागे उभं असल्याचा भास... माझा यातल्या कशावरही काडीचा विश्वास नव्हता. आजही "आहे" असं छातीठोक सांगणार नाही. फक्त जे घडलं ते लिहिते. हसायचं तर हसा.

मी शर्वरी. नवरा मंदार, मुलगी ईरा, आणि आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला ॲडम्सटाउनला राहतो. सगळी घरं सारखीच, दारांचे रंग तेवढे वेगळे. माझं ऑफिस स्वोर्ड्सला, एअरपोर्टच्या बाजूला. म्हणजे रोज शहराला वळसा घालून जायचं आणि यायचं. त्यामुळे शाळा सुटल्यावर ईरा आमच्या समोरच्या घरी असते, पानायकडे.

पानाय तैवानची. पण चिनी म्हटलेलं तिला चालत नाही. ती आमिस आहे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. बेटाच्या पूर्वेला, डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात तिचं गाव. नवरा डेक्लन इथलाच, सुतारकाम करतो. बाई कामाला वाघ, स्वभावाने गोड, आणि मला ती पहिल्या वर्षभर मनापासून आवडायची. मग ईरा एकदा जेवायला बसली, ज्यूसच्या ग्लासात बोट बुडवलं आणि जमिनीवर थेंब उडवले.

मी ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "इट्स फॉर द ओल्ड पीपल, मॅमी. दे गो फर्स्ट, लाइक."

पानायकडे तसं करतात. काहीही पिण्याआधी बोट बुडवून थेंब पूर्वजांना. आता आमच्याकडे हे नाही का? माझे बाबा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. पण ते मुंज झालेल्यांचं काम. मी लहानपणी एकदा हौसेने घातल्या होत्या तर आजीने हातावर चापट मारली होती, "पोरींनी नाही घालायच्या." आणि इकडे माझी पोरगी दुसऱ्याच कुणाच्या तरी पूर्वजांना संत्र्याचा ज्यूस पाजत होती. माझ्या पोटात दुखलं. तिथून ते दुखायला लागलं.

पुढे पानाय जे जे सांगत गेली त्याने ते वाढतच गेलं. त्यांच्यात घर मुलीचं. आईकडून लेकीकडे, तिच्याकडून तिच्या लेकीकडे. लग्न झालं की नवरा आपलं गाठोडं घेऊन बायकोच्या दारात येतो. पानाय थोरली, म्हणजे गावातलं घर पुढेमागे तिचं. तिकडून फोन यायचे, भात कापायला झालाय, छप्पर गळतंय, तू कधी येतेस. ती वैतागून सांगायची, आणि मी आपली चहा ढवळत ऐकायची. मला कुणी विचारलेलं नाही कधी, छप्पर गळतंय म्हणून.

आई गेली गेल्या वर्षी. बाबा त्याच्या दोन वर्षं आधी. आईच्या तेराव्यानंतर देवघर केदारकडे गेलं, माझ्या धाकट्या भावाकडे. टाक, समया, बाळकृष्ण, सगळं. मी एक टाक मागितला, कुलदेवीचा, लहानसा. काका म्हणाले, "अगं, ते घराण्याचं असतं. तुझं आता तिकडचं कुळ." केदार समया कागदात गुंडाळत राहिला. वाईट नाहीये तो, फक्त बोलला नाही.

मला मिळाली ती एक स्टीलची डबी. कुणाला नको होती म्हणून मिळाली. तिच्यात एक सुपारी.

त्या सुपारीची गोष्ट सांगावीच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. ईरा झाली तेव्हा आई इकडे आली होती, आयुष्यात एकदाच. येताना बॅगेत आंबेमोहोर तांदळाची पिशवी, तूरडाळ, मीठसुद्धा. मला वाटलं, आमच्यासाठी आणलंय. नाही. तिने मुक्कामभर स्वतःपुरता तो तांदूळ वेगळ्या पातेल्यात शिजवला आणि तेवढाच खाल्ला. माझ्या डब्यातला एक दाणा खाल्ला नाही. मंदार दिवसभर कामावर, आणि रात्री तो आला की ती "माझं झालं जेवण" म्हणायची. लेकीच्या घरचं खायचं नाही, भोरच्या तिच्या माहेरी ही रीत, आणि ती रीत तिने समुद्र ओलांडून आणली. मी चिडले, रडले, म्हटलं घराचा हप्ता निम्मा माझ्या पगारातून जातो. ती म्हणाली, "असू दे की. जावयाचंच घर हाय ते." तांदूळ संपले तशी ती परत गेली. बाळंतपणात आलेली आई तांदूळ संपले म्हणून गेली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

ती इकडे असताना तिकडे बाबांना एका पूजेला बसावं लागलं. बायको हजर नसेल तर गुरुजी तिच्या जागी सुपारी देतात, यजमानाने ती कमरेला खोचायची. तशी दिली. आई परतल्यावर ती सुपारी बघून हसत सुटली होती. "मी नव्हते तर ही बसली माझ्या जागी," म्हणाली, आणि टाकून न देता डबीत जपून ठेवली. ती ही डबी. मी ती किचनच्या प्रेसमध्ये ठेवली होती — इथे कपाटाला प्रेस म्हणतात — मसाल्यांच्या मागे. मंदारला माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं.

यंदा हिवाळ्यात पानायची आजी गेली. आईची आई, जिचं ते घर. पानायला जाता आलं नाही. ती महिनोन् महिने झुरत होती. मग उन्हाळ्यात, तिकडच्या सुगीच्या सणाच्या सुमारास, तिने ठरवलं की आजीला इकडे बोलवायचं. डेक्लनने ओकचा कमरेएवढा खांब कोरून दिला, त्यावर माणसं, सूर्य. तो बैठकीच्या कोपऱ्यात उभा केला.

खांब कशाला, मी विचारलं. तेव्हा तिने गावच्या पूर्वजांच्या घराची हकिगत सांगितली. तिथे एक जुनं घर आहे, सगळ्या गावाच्या पूर्वजांचं, आणि त्याच्या खांबांवर त्यांच्या कुळाच्या गोष्टी कोरलेल्या. वादळात ते पडलं, तेव्हा संग्रहालयाच्या लोकांनी खांब शहरात नेले, जतन करायला. खूप वर्षांनी गावाने परत मागितले. नियम आडवे आले. मग गावातल्या म्हाताऱ्या बायका, पूर्वजांशी बोलणाऱ्या, थेट संग्रहालयात गेल्या आणि खांबांसमोर उभं राहून पूर्वजांनाच विचारलं. शेवटी ठरलं असं की खांब तिथेच राहतील, पण त्यांच्यातले जीव घरी येतील. गावाने नवे खांब कोरले, घर पुन्हा बांधलं, आणि त्या सगळ्यांना नव्या खांबांत बोलावलं.

"मग संग्रहालयात काय राहिलं?" मी विचारलं.

"लाकूड," पानाय म्हणाली.

कशाला खोटं बोलू, मी घरी येऊन बाथरूममध्ये रडले. यांचे पूर्वज विचारलं की उत्तर देतात, बोलावलं की लाकूड बदलून येतात. आणि माझी आई? स्वप्नातसुद्धा आली नव्हती. केदारच्या स्वप्नात आली होती, तेही दोनदा. फोन करून सांगितलं त्याने, वर मला विचारलं, "तुला नाही पडत का?"

आजीला बोलवायचा तो शनिवार. सकाळची वेळ, तिकडे संध्याकाळ. खांबापुढे केळीच्या पानावर भात, खारवलेलं डुकराचं मांस, आलं, तांदळाची दारू. त्यांच्यातही पूर्वजांपुढे सुपारी लागते. हे ऐकून मला गंमत वाटली होती. ओली सुपारी इथे कुठून मिळणार? मी म्हटलं होतं, लुकनच्या इंडियन दुकानातून वाळलेली आणून देते. विसरले. सकाळी मी आंघोळीला गेले असताना पानायने दारात येऊन विचारलं, आणि आमच्या गृहस्थांनी प्रेस उघडून, शोधाशोध करून मसाल्यांच्या मागची डबी काढली आणि सुपारी तिच्या हातावर ठेवली. सुपारी ती सुपारी, त्याचं म्हणणं.

मला काही पत्ता नाही. मी ईराला घेऊन गेले, सोफ्याच्या कडेला बसले. टॅबलेटवर व्हिडिओ कॉल. पलीकडे पानायच्या आजीची धाकटी बहीण, जिला सगळे फाई म्हणतात. पूर्वजांशी बोलणाऱ्यांपैकी उरलेली एक. ऐंशीच्या पुढची, दात नाहीत, डोळे मात्र लख्ख. तिने आधीच सांगून टाकलं होतं की मोबाइलवरून कुणी येतं की नाही हे तिला माहीत नाही, बघू.

ती पुटपुटायला लागली. मग हवेतला न दिसणारा दोरा धरून हळूहळू ओढायला लागली, विहिरीतून कळशी काढावी तशी. मी मनात म्हणत होते, छान आहे सगळं. डेक्लन कोपऱ्यात हात बांधून उभा.

अचानक फाई थांबली. दोरा हातात तसाच. काहीतरी विचारलं. पानायचा चेहरा उतरला. ती बराच वेळ तिच्या भाषेत बोलत राहिली, मग माझ्याकडे वळून इंग्रजीत सांगायला लागली. फाई म्हणते, आजी आलीय पण दारातच थांबलीय. आत खांबाशी कुणीतरी आधीच बसलंय. आपलं नाही. परकी बाई आहे, म्हातारी. चपला काढून ऐसपैस बसलीय.

मी म्हटलं, "बरं?"

"भात देऊ केला तर घेत नाही," पानाय म्हणाली. "स्वतःचा तांदूळ आणलाय तिने. कापडाच्या टोकात बांधलाय, इथे." आणि तिने खांद्यावरून पुढे, कमरेपाशी हात नेला. जिथे पदर खोचतात तिथे.

मी केळीच्या पानाकडे पाहिलं. भाताच्या बाजूला सुपारी. एका बाजूला छोटा टवका उडालेली. ती टवका उडालेली सुपारी मी शंभरात ओळखेन.

मंडळी, इथे तुम्हाला वाटेल मी गहिवरले. नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बाळंतपणात जिने माझ्या घरचा घास खाल्ला नाही, गेल्यावर वर्षभर जी माझ्या उंबऱ्याशी फिरकली नाही, ती हिच्या बैठकीत येऊन ऐसपैस बसली? चपला काढून? मी तिथेच, सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाले, "आई, समोरच राहते ना मी."

पानायने हळूच विचारलं की ही तुझी आई का, आणि तुझ्याकडे का येत नाही. मी जमेल तसं सांगितलं. मुलीच्या घरचं खात नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत जुनी माणसं, कारण ते जावयाचं घर. ती गोंधळली. फाईला भाषांतर करून सांगितलं तर फाईही गोंधळली. मग पानायने विचारलं, "मग मुलीचं घर कुठलं?"

 

फाईचं म्हणणं एवढंच की त्या बाईला हे लेकीचं घर दिसलं म्हणून ती आत आली. समोरचं दिसत नसेल. मी उठले, पानावरची सुपारी उचलली आणि कुणाला काही न बोलता रस्ता ओलांडून घरी आले. ईरा मागून धावत आली.

मंदारला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा कांदा चिरत होता. सुपारी कुणाची, तांदूळ कसला, सगळं पहिल्यांदाच ऐकत होता. आधी त्याने नेहमीसारखं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "म्हणजे मी घरजावई व्हायला हवं होतं तर," म्हणाला. मग मी हसत नाही हे पाहिलं. आणि तेव्हा मी ते बोलले, जे मलाही आधी माहीत नव्हतं. म्हटलं, "मला तिने एकदा माझ्या घरी जेवायला हवंय, मंदार. एकदाच. बाकी मला टाक नको, काही नको."

त्याने सुरी खाली ठेवली. वर गेला. मला वाटलं रुसला. थोड्या वेळाने केबिन बॅग घेऊन खाली आला, चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. पाऊस भुरभुरत होता. शेजारचे आजोबा कुत्रा घेऊन चालले होते, त्यांनी विचारलं, हॉलिडेज का? मंदार म्हणाला, "नो, मूव्हिंग इन."

मी दार लावलं. माप नव्हतं म्हणून स्टीलच्या ग्लासात तांदूळ भरून उंबऱ्यावर ठेवला. निरांजन लावलं. नवरीचं करतात ते सगळं नवऱ्याचं करायचं म्हटल्यावर ईराला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिने आमच्या लग्नाचा व्हिडिओ पाहिलाय, म्हणाली नाव घेतल्याशिवाय आत सोडायचं नाही. दाराबाहेरून आवाज आला, "हातात माझ्या बॅग, बॅगेत माझे सॉक्स, शर्वरीचं नाव घेतो, उघडा आता लॉक्स."

मी हसत होते आणि नाक पुसत होते. दार उघडलं, ओवाळलं. मंदारने उजव्या पायाने ग्लास लवंडला आणि आत आला. त्याचा चेहरा गंभीर होता. त्याच्या आईला हे अजून माहीत नाही, आणि तुमच्यापैकी कुणी सांगूही नका.

मग मी वाटीत तांदूळ घेतला, त्यावर सुपारी ठेवली, किचनमध्येच, कारण देवघर असं आमच्याकडे नाही. म्हटलं, "आई, हे माझं घर. आता बस." भात केला, वरण केलं, वर तूप. पान वाढलं. ईराने पाण्यात बोट बुडवून थेंब उडवले, आणि मी तिला थांबवलं नाही. मीही उडवले. ताटाभोवती पाणी फिरवलं, चार शितं बाहेर ठेवली, आणि हातावर चापट मारायला कुणी नव्हतं.

काहीही झालं नाही. दिवा हलला नाही, वारा आला नाही. पान तसंच राहिलं. संध्याकाळी पानायचा मेसेज आला की आजी आत आली, खांबाशी बसली, सगळं ग्रँड. मला परत पोटात दुखलं. तिची आली. मी उशीत तोंड खुपसून झोपले.

रविवारी दुपारी कुकर लावायला तांदळाचा डबा उघडला. आमच्याकडे सोनामसुरी असतो, लुकनच्या दुकानातला, त्याला वास म्हणून नसतो. झाकण काढलं आणि आंबेमोहोराचा वास आला. पुसट नाही, घमघमाट. आई भोरहून आली की पिशवी सोडल्यावर यायचा तो. मी हात घातला. सोनामसुरीत आखूड, बुटके दाणे मिसळलेले होते. मूठभर असतील, पसाभर असतील, पदराच्या टोकात मावतील इतके.

मी मंदारला हाक मारली. त्याने वास घेतला, दाणे हातावर घेतले, आणि खुर्चीवर बसला. दुकानातून भेसळ आली असेल, तो म्हणाला. तोच अर्धा संपलेला डबा, तेच पोतं, महिनाभर रोज उघडतोय आम्ही. मग तोच म्हणाला, नसेल.

मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. फाईला तांदळाचं कोण सांगणार? मंदारला माहीत नव्हतं. ईरा तेव्हा पाळण्यात. पानायला मी शब्दाने बोलले नव्हते. आणि समजा फाईने अंदाज बांधला, तर डब्यातलं काय? मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि कुणाकडे असेल तर जरूर लिहा, पण ॲसिडिटी म्हणू नका.

परवा केदारचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "ताई, विचित्र वाटेल, पण पूर्वी देवापुढे दिवा लावला की आई मागे उभी आहे असं वाटायचं गं. हल्ली नाही वाटत. नुसती भांडी पुसल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, होतं असं. कामाचा ताण असेल. आणि ओट्यावरच्या वाटीतल्या सुपारीकडे बघत राहिले. सांगायला हवं होतं त्याला, कळतं मला. नाही सांगितलं.

डबा संपू देत नाही मी. तळाशी आला की वरून नवा तांदूळ घालते, वास अजून आहे. काल पानाय आली होती, तिचा तांदूळ संपला होता, वाटीभर मागत होती. तिने माझ्यासाठी काय केलंय ते मला चांगलं ठाऊक आहे.

मी म्हटलं, नाहीये गं आमच्याकडे.